इकामा म्हणजे वतन नव्हे

आमच्या कोकणात माणूस आखातात गेला की ‘बाहेर गेला’ म्हणतात. माझे मामू एकतीस वर्षे बाहेर होते, जिद्दात ड्रायव्हर. साठी आली, इकामा संपला आणि एक्झिटचा शिक्का घेऊन ते परत आले. एकतीस वर्षांत ते त्या देशाचे कोणीच झाले नाहीत. ना नागरिक, ना मतदार. कफिलाच्या नावावर राहणारा कामगार, एवढीच त्यांची ओळख.

तरीही जुम्याच्या नमाजनंतर आमच्याकडे ऐकू येते, “तिकडे आपला इस्लामी मुलूख, इथे काय ठेवलंय?” या वाक्याचा मला संताप येतो. जुलै 2017 पासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल शुल्क लावले. 2020 मध्ये ते 400 झाले. बायको आणि तीन मुले असली तर महिन्याला 1600 रियाल! ड्रायव्हरने हे आणायचे कुठून? 2019 मध्ये कफिलाशिवाय कायम राहण्याचा परवाना निघाला. त्याची किंमत 8 लाख रियाल. म्हणजे तिथे राहायचे तर कलमा पुरत नाही, बँकेतली शिल्लक लागते. अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही, ही अखेरच्या खुत्ब्यातली शिकवण तिथल्या कायद्यात कुठे दिसते?

त्या देशाने आम्हाला भाकरी दिली, हे मी नाकारत नाही. पण भाकरी देणारा मुलूख आणि आपला मुलूख यांत फरक असतो. हा फरक आम्हाला ‘तिकडेच जा’ म्हणणाऱ्यांनीही समजून घ्यावा. आम्ही तिकडे गेलो, राबलो आणि परत आलो. कारण घर इथे आहे, कबरस्तान इथे आहे आणि संविधानाने दिलेला हक्कही इथेच आहे.

मग तो हक्क आपण वापरतो का? 2010 च्या दुरुस्तीमुळे परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवता येते; मत द्यायला मात्र गावी यावे लागते. लग्नासाठी सुट्टी काढणारे आपण मतदानासाठी कधी काढली? कुलूप लावून ठेवायच्या बंगल्यावर पैसा ओततो, मग गावच्या शाळेसाठी हात आखडता का?

मामूंनी परतल्यावर पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला मत दिले. रांगेत त्यांना कोणी कफील कोण, असे विचारले नाही.