शेरीचे पुट

वैद्यांच्या कुपीवर ‘शतपुटी’ किंवा ‘सहस्रपुटी’ अभ्रकभस्म असे लिहिलेले असते, आणि औषधाला अग्नीची किती पुटे दिली हे गिऱ्हाइकाला, निदान लेखी तरी, कळते. स्कॉटलंडच्या सिंगल माल्टवर मात्र ‘शेरी कास्क फिनिश’ ही मुद्रा सोनेरी अक्षरांत उमटली, की ते पुट किती महिन्यांचे हे सांगण्याचे बंधन उत्पादकावर राहत नाही. सरकारी परवाना बाळगून क्वचित दोन घोट घेणाऱ्या माझ्यासारख्याने याविषयी फिर्याद करावी काय, असे कोणी विचारील. पण दाम मोजणाऱ्याने तपशील मागितला तर त्यात गैर ते काय?

वस्तुतः ही कृती मोठी रम्य आहे. बूर्बनला कायद्याने आतून जाळलेले नवे ओकचे पिंपच लागत असल्यामुळे एकदा वापरलेली अमेरिकन पिंपे स्कॉटलंडला मुबलक मिळतात, आणि त्यांत वर्षानुवर्षे मुरलेले मद्य अखेरीस शेरीने भिजलेल्या पिंपात हलवले जाते. डफटाउनच्या बाल्व्हेनी भट्टीत डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनी ही रीत रुळवली. १९९३ साली आलेल्या ‘डबलवुड’चा शेरीच्या पिंपातील मुक्काम नऊ महिन्यांचा असतो, हे ती कंपनी आपण होऊन सांगते. तो पेला नाकाशी नेला असता प्रथम मध आणि व्हॅनिला जाणवतात, चार थेंब पाणी घालून क्षणभर थांबले की मनुका, सुके अंजीर आणि संत्र्याची साल हळूहळू पुढे येतात, आणि घोट उतरल्यानंतर अक्रोडाच्या सालीचा किंचित तुरटपणा जिभेवर रेंगाळतो. अशा पुटाच्या एखाद्या बाटलीत काडी ओढल्यासारखा दर्पही येतो. पिंपे शुद्ध राखण्यासाठी आत गंधक जाळण्याच्या रिवाजाचा तो अवशेष. काही रसिक त्याचेही कौतुक करतात. मी करीत नाही.

शेरी स्पेनमधून पिंपांतून ब्रिटनला जाई आणि रिकामी पिंपे भट्ट्यांच्या पदरी पडत, तो व्यवहार १९८०च्या दशकात संपला. आता हेरेसच्या परिसरात व्हिस्कीसाठीच पिंपे घडवून ती शेरीने भिजवून सिद्ध केली जातात. यात कमीपणा काहीच नाही. जुन्या तळघरांची चित्रे छापून केलेली मखलाशी तेवढी खटकते.

२००९च्या ब्रिटिश नियमावलीने स्कॉच किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावी, ते पिंप ७०० लिटरहून मोठे नसावे, येथपर्यंत बारकावे ठरवून दिले, आणि साध्या कॅरमेलचा रंग मिसळण्यास मात्र मुभा ठेवली. जर्मनीत त्या रंगाची कबुली लेबलावर द्यावी लागते. तेथे एक ओळ छापता येते, तर ‘शेरीच्या पिंपात अमुक महिने’ ही दुसरी छापण्यास कोणती अडचण आहे, हे मला उमगलेले नाही. तोवर पेला दिव्यासमोर धरून रंग न्याहाळण्याची जुनी सवय मी सोडून दिली आहे.