गुणांचा तक्ता दाराआड नको

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात २००५ च्या सुमारास वरिष्ठ व कनिष्ठ संशोधन साहाय्यकांच्या नेमणुका झाल्या. शंभराहून अधिक तरुण रुजू झाले. गुणदान कसे झाले, यावरच आक्षेप आले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचले, निवृत्त न्यायमूर्ती धाबे यांनी चौकशी केली आणि २०१२ मध्ये सेवासमाप्तीचे आदेश निघाले. मध्ये सुमारे सात वर्षे गेली! डावलल्या गेलेल्या कित्येकांची वयोमर्यादा तोवर उलटली असणार. निवडलेले संसाराला लागले होते. त्यांच्यात एखादा स्वतःच्या गुणांवर आलेला असेल, तर त्यालाही त्याच पंक्तीत बसावे लागले. गुणदानच संशयास्पद ठरले की गुणवंतही सुटत नाही.

न्यायालयांनी या विषयात मार्गदर्शन केलेले नाही, असे नव्हे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशप्रकरणी १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एक तृतीयांश गुण ठेवणे मनमानीचे ठरविले. मात्र प्रौढ उमेदवारांच्या नोकरीसाठी मुलाखतीचे वजन अधिक असू शकते, हेही पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालात मान्य झाले. या फटीतूनच पुढची बरीच गडबड आत शिरली, असे आमचे मत आहे. निवडीचे नियम प्रक्रिया सुरू झाल्यावर बदलता येत नाहीत, मूळ नियमांतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीचेच पाहा. विद्यापीठातील साहाय्यक प्राध्यापकासाठी पीएच.डी.ला ३० गुण, पदव्युत्तर परीक्षेला अधिकाधिक २५, पदवीला १५, शोधनिबंधांना १० आणि अनुभवाला १० गुण असा काटेकोर तक्ता तीत होता. पण हे सारे गुण केवळ मुलाखतीला कोणास बोलवावे, एवढ्यापुरतेच! अंतिम निवड फक्त मुलाखतीवर. पंधरा-वीस वर्षांच्या विद्याभ्यासाचा हिशेब दारात ठेवून उमेदवाराने आत जायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याचे भवितव्य ठरायचे. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून, एस.टी.ने मुलाखतीला आलेल्या मुलाला आपण नेमके कुठे कमी पडलो, हे कळावे तरी कसे?

राज्य शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शैक्षणिक, अध्यापन व संशोधन कार्याला ७५ आणि मुलाखतीला २५ असे वजन ठरविले. दिशा योग्य आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पदवी कोणत्या संस्थेची, यावरही गुण कमी-अधिक करण्याची तरतूद त्यात आली आणि नामांकित संस्थांना झुकते माप मिळाले. पंजाबरावांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर प्रबंध लिहिला आणि १९३२ मध्ये अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती शेतकऱ्याच्या पोराला घराजवळ शिकता यावे म्हणून. आज त्यांची स्वतःची पदवी पैकीच्या पैकी गुण घेईल आणि त्यांच्याच संस्थेत शिकलेल्या मुलाचे गुण मात्र कापले जातील! संत गाडगेबाबांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाची पदवी शासनाच्याच तक्त्यात हलकी ठरत असेल, तर ते विद्यापीठ भक्कम करणे कोणाचे काम? गुण कापून ते होणार नाही.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. निवड समितीवर 'आपला माणूस' आहे, एक शब्द टाका, असे सांगत येणारे परिचित आपल्याही घरी येतात. उमेदवार सज्जन असतो, कुटुंब शाखेशी जोडलेले असते, आणि शब्द टाकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. इतरांनी दोन पिढ्या हेच केले, मग आपण का नको, असा युक्तिवादही होतो. तो आम्हाला मान्य नाही. विचारनिष्ठेला गुणतक्त्यात रकाना नाही आणि तो नसावा. दुसऱ्याच्या शिफारशीने डावलला गेलेला स्वयंसेवक आपल्याला ठाऊक असतो. आपल्या शिफारशीने डावलला गेलेला कोण, याचा शोध आपण घेत नाही.

अधिसभांमध्ये आपल्या विचारांचे प्रतिनिधी निवडून जातात. गुणांचा पूर्ण तक्ता जाहिरातीसोबतच छापावा, मुलाखतीतील प्रत्येक सदस्याचे गुण तेथेच शाईने नोंदवून मोहोरबंद व्हावेत आणि निवडलेल्या व न निवडलेल्या सर्वांचे गुण त्याच सायंकाळी सूचना फलकावर लागावेत, असा ठराव त्यांनी अमरावतीच्या पुढील अधिसभेत मांडावा. अकोल्यातही ही मागणी लावून धरावी.