मुंजीची कॅसेट आणि रविवारचा ‘गोलमाल’

नोएडाला माझे थोरले काका राहतात. वय वर्षे ७८. केंद्र सरकारच्या नोकरीत सारी हयात दिल्लीत गेली. आधी सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर नोएडातला हा फ्लॅट. दिवाणखान्यात भिंतभर चपटा टीव्ही आहे, इंटरनेट आहे, सिनेमे दाखवणारी दोन-तीन ॲप्स आहेत. पण काका तिकडे फारसे फिरकत नाहीत. त्यांच्या खोलीत जुना डबा टीव्ही आहे, त्याखाली व्हीसीआर आणि शेजारच्या कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या लावलेल्या साठेक व्हिडिओ कॅसेट. दर रविवारी दुपारी जेवण झाले की काका एक सिनेमा लावतात. बहुतेक वेळा एकच. १९७९ सालचा ‘गोलमाल’.

मध्यंतरी एका रविवारी मी तिकडे गेले होते. काकांची नातवंडे त्यांना चिडवत होती.

“आजोबा, हा सिनेमा मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो. चित्रसुद्धा स्वच्छ दिसतं.”

“तुमच्या मोबाइलवर माझ्या जाहिराती दिसतात का?” काका म्हणाले.

खरेच होते ते. ही विकत घेतलेली कॅसेट नव्हती. १९९५ साली दूरदर्शनवरून काकांनी स्वतः भरलेली होती. त्यामुळे सिनेमाबरोबर साबणाच्या, चहाच्या, स्कूटरच्या जाहिराती आणि मध्येच बातम्यासुद्धा होत्या. मुले सिनेमापेक्षा जाहिरातींनाच जास्त हसत होती. मीही बसले. उत्पल दत्तांनी अमोल पालेकरांच्या मिशांवर विश्वास ठेवला, तो उडाला, शेवट गोड झाला. मी उठणार, तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, “थांब गं. अजून संपलं नाही.”

पडद्यावर मुंग्या आल्या, एक पांढरी पट्टी वरून खाली सरकली, आणि समोर आमची आजी उभी!

एक चूक, तीस वर्षांची

आता ही हकिकत सांगायलाच हवी. १९९३ च्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाची मुंज झाली. पहाडगंजमधल्या हॉलमध्ये. साताऱ्याहून आजी मुद्दाम आली होती. तिची ती दिल्लीची पहिली आणि शेवटची खेप. काकांनी हौसेने व्हिडिओवाला लावला होता. डोळे दिपवणारा दिवा धरून एक पोरगा आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला दुसरा, असे दोघे दिवसभर मांडवात फिरत होते. तीन तासांची कॅसेट भरली. पुढच्याच वर्षी आजी गेली.

१९९५ मध्ये एका संध्याकाळी टीव्हीवर ‘गोलमाल’ लागणार होता. घरात कोरी कॅसेट नव्हती. काकांनी कपाटातली एक उचलली. तिच्यावरचे लेबल सुटून पडले होते. जुनाच काहीतरी सिनेमा असेल, असे समजून त्यांनी लाल बटण दाबले.

पुढच्या दिवाळीत आत्या आल्या. “आईला बघायचंय रे,” म्हणाल्या. सारे घर टीव्हीपुढे बसले. काकांनी एकेक कॅसेट लावून पाहिली. शेवटी मुंजीच्या जागी सापडले ते उत्पल दत्त. आत्या काही बोलल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या.

सिनेमा, जाहिराती आणि बातम्या मिळून दोन तास एकोणपन्नास मिनिटे झाली होती. कॅसेट तीन तासांची. म्हणून शेवटची अकरा मिनिटे वाचली. त्या अकरा मिनिटांत मुंज नाही, मंत्र नाहीत, मातृभोजन नाही. पंगती उठल्यावरचा पसारा आहे, पेंगुळलेली मुले आहेत आणि नऊवारीत ताठ उभी राहिलेली आजी आहे. कॅमेरा म्हणजे फोटो, एवढेच तिला ठाऊक. ती श्वास रोखून उभी आहे. मागून काकांचा आवाज येतो, “आई, हा फोटो नाही. काहीतरी बोल, चाल.” आजी तशीच. थोड्या वेळाने ओठ न हलवता विचारते, “काढला का?” सगळे हसतात. मग तीही हसते आणि पदराने तोंड झाकून घेते.

आजीचा आवाज जगात एवढाच उरला आहे.

“पण काका, त्यासाठी सबंध सिनेमा कशाला बघता? टेप पुढे पळवायची.”

“मेकॅनिकने सांगितलंय, जुनी टेप पळवू नका, ताण बसतो. आणि आता सवय झाली आहे. आधी सिनेमा, मग आई.”

व्हिडिओचे ते दिवस

आजच्या मुलांना व्हिडिओचे अप्रूप समजणे कठीण. व्हीएचएस ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. आपल्याकडे तिचे वारे सुटले ते १९८२ च्या सुमारास. त्या वर्षी दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या आणि दूरदर्शन रंगीत झाले. आखाती देशांत नोकरीला गेलेले लोक येताना व्हीसीआर आणू लागले. ज्यांना घेणे परवडत नसे, ते एका रात्रीपुरता भाड्याने आणत. गल्लीतली वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर बसून रात्रभरात तीन सिनेमे बघत आणि सकाळी लाल डोळ्यांनी कामावर जात. दिल्लीत कॅसेट हवी असली की पालिका बाजार गाठायचा आणि यंत्र बिघडले की लाल किल्ल्यासमोरचे लजपत राय मार्केट.

चित्रपटसृष्टीने या यंत्राचा धसकाच घेतला होता. चोरट्या कॅसेटना आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कॅसेटच्या सुरुवातीला सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत दाखवणे तेव्हापासून सक्तीचे झाले. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला, तेव्हा निर्मात्यांनी त्याची व्हिडिओ कॅसेट काढायचेच नाकारले. लोकांनी चित्रपटगृहात यावे, हा हेतू. लोक आलेही.

व्हिडिओवर नुसते सिनेमेच नव्हते. सरकारी वाहिनीशिवाय दुसरी वाहिनी नव्हती, त्या काळात, १९८८ साली, दिल्लीहून ‘न्यूजट्रॅक’ हे बातम्यांचे मासिक व्हिडिओ कॅसेटवर निघू लागले. लोक बातम्यासुद्धा भाड्याने आणून बघत. मग १९९१-९२ मध्ये केबल आणि उपग्रह वाहिन्या आल्या, त्यापाठोपाठ सीडी, डीव्हीडी आणि आता मोबाइल. व्हिडिओची दुकाने एकेक करून मिटली. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई. तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले.

सिनेमा मिळेल, आजी मिळणार नाही

त्या रविवारी घरी परतताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ‘गोलमाल’ची काळजी करायचे कारण नाही. त्याच्या प्रती शेकडो ठिकाणी आहेत. सिनेमे जपण्यासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण आपल्या घरची मुंज, बारसे, लग्न, कोणाची साठी, कोणाची एकसष्टी यांची प्रत जगात एकच असते. ती आपल्या माळ्यावर पडलेली असते आणि ती जपायला आपल्याशिवाय कोणी नसते.

आणि ती सावकाश मरत असते. कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची, सुमारे २६० मीटर लांबीची प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर एका चिकट द्रव्याने बसवलेला असतो. चित्र, आवाज सारे त्या थरात. दिल्लीचा उन्हाळा आणि मुंबई-कोकणातली दमट हवा, दोन्ही त्याचे वैरी. ओल धरली की टेपच्या कडेवर पांढरी बुरशी येते. थर सुटू लागला की चित्रात मुंग्या येतात. शिवाय टेप धड असली तरी ती वाजवणारे यंत्र हवे. त्यातले रबरी पट्टे कडक होतात, चाके गुळगुळीत होतात. युनेस्कोने दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या साथीने २०१९ मध्येच इशारा दिला होता की, २०२५ च्या सुमारास अनेक देशांत अशा टेपा वाजवणेच थांबेल, तेव्हा हालचाल करा.

काकांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, “कॅसेट घराबाहेर देणार नाही.” त्यांचेही चुकत नव्हते. पूर्वी त्यांनी एका दुकानात एक कॅसेट दिली होती, ती चुरगळून परत आली. मग आम्ही दुकानच घरी आणायचे ठरवले. लजपत राय मार्केटमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने व्हीसीआरचा पट्टा बदलला आणि हेड साफ करून दिले. नवे भाग मिळत नाहीत, तो जुन्या मेलेल्या यंत्रांतून काढतो. टीव्हीची पिवळी, पांढरी आणि लाल वायर ज्यात बसते आणि जे पुढे संगणकाला जोडता येते, असे पेनड्राइव्हएवढे एक उपकरण भावाने आणले. लॅपटॉप टेबलावर ठेवला. काकांनी कॅसेट आत सरकवली.

या कामाला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. आम्ही सगळे पुन्हा एकदा ‘गोलमाल’ बघत बसलो. त्या दिवशी कोणी हसत नव्हते. कुठे टेप गुंतते की काय, म्हणून सगळ्यांचे कान यंत्राच्या आवाजाकडे. शेवटी आजी आली. “काढला का?” तिने विचारले. “काढला, आई, काढला,” काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

त्याच रात्री ती अकरा मिनिटे साताऱ्याला आत्यांच्या मोबाइलवर पोहोचली. आत्या आता ८० वर्षांच्या आहेत. त्यांनी फोन केला, तो काकांनाच. “पोटभर बघितली रे,” एवढेच म्हणाल्या. त्या दिवाळीनंतर या विषयावर भावाबहिणीत झालेले हे पहिले बोलणे.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशा कॅसेट असतील. आधी त्या खाली उतरवा. पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट यंत्रात मुळीच घालू नका. ती बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. बाकीच्या कोरड्या, थंड जागी, चुंबक आणि स्पीकरपासून दूर, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. बाजारातल्या सिनेमांच्या मागे लागू नका, ते मिळतील. घरच्या सोहळ्यांपासून सुरुवात करा, त्यातही ज्यात आता हयात नसलेली माणसे आहेत, त्या आधी. उतरवून झाले की प्रत एकाच जागी ठेवू नका. संगणकही बंद पडतो, मोबाइलही हरवतो. एक प्रत घरात आणि एक गावी भावाकडे किंवा बहिणीकडे असावी. मूळ कॅसेट मात्र टाकून देऊ नका.

आणखी एक छोटी गोष्ट. व्हिडिओ कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक छोटी टिकली असते. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. लग्नामुंजीची कॅसेट हातात आली की पहिल्यांदा ती टिकली मोडायची, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होते आणि पुष्कळांचे राहूनही जायचे.

निघताना मी ती कॅसेट हातात घेऊन पाहिली. तीस वर्षांनंतरही टिकली शाबूत होती. मी ती काकांना दाखवली. ते काही बोलले नाहीत. खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला, टिकली मोडली आणि कॅसेट पुन्हा तिच्या जागेवर उभी करून ठेवली.