लोंबता बोजा आणि खालची माणसे

३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथच्या खोऱ्यात हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर एका खाजगी कंपनीचे नादुरुस्त हेलिकॉप्टर दोराने टांगून गौचरच्या धावपट्टीकडे निघाले होते. थोडे अंतर जाताच बोजा हेलकावे खाऊ लागला, वाहक हेलिकॉप्टरचाही तोल ढळू लागला आणि वैमानिकाने लिंचोलीजवळ बोजा दरीत सोडून दिला. जीवितहानी झाली नाही, असे प्रशासनाने तत्परतेने जाहीर केले.

‘जीवितहानी नाही’ हे दोन शब्द आपल्या राज्यकर्त्यांना निर्दोषत्वाचा दाखला वाटतात. आमचा आक्षेप येथेच आहे.

वैमानिकाला कोणी दोष देऊ नये. टांगलेले ओझे झुलू लागले की ते वाहकालाच खेचू लागते; हूक क्षणात उघडण्याची सोय त्यासाठीच ठेवलेली असते. त्यातही आकाराने मोठे आणि त्या मानाने हलके ओझे सर्वांत दगाबाज, कारण वारा त्याला कवेत घेतो. हेलिकॉप्टरचा सांगाडा नेमका त्याच जातीचा. तेव्हा बोजा वाटेत सोडावा लागेल ही शक्यता अशा कामात आरंभापासूनच गृहीत असते. मग त्या वाटेखाली माणूस असता कामा नये, हेही गृहीत नको काय?

लिंचोली हा काही निर्जन कडा नव्हे. गौरीकुंडाहून केदारनाथला पायी जाणाऱ्यांचा तो थांबा. त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री अतिवृष्टीने ही वाट जागोजागी तुटली होती. वाट सांधणारे मजूर, खेचरवाले, डोलीवाले, टपरीवाले या साऱ्यांचे पोट त्याच वाटेवर. उड्डाणापूर्वी त्यांना कोणी कळविले? वाट कोणी व किती वेळ रोखली? बोजा पडला तेथे माणूस नव्हता, हे नियोजन होते की केवळ नशीब?

पेठ वडगावहून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या फाउंड्री कामगाराला विचारा. क्रेनच्या बोज्याखाली उभे राहू नये, हे तो पहिल्याच दिवशी शिकतो. उचल-यंत्रांच्या साखळ्यांची व दोरांची बारा महिन्यांतून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी व्हावी, असा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्याने घातला. तो मालकांच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. जमिनीवरच्या बोज्याला जो न्याय, तो आकाशातल्या बोज्याला का नसावा?

दुर्गम प्रदेशात हेलिकॉप्टरशिवाय गत्यंतर नाही, असे म्हटले जाईल. २०१३ च्या प्रलयानंतर ते कोण नाकारील? परंतु हा बोजा धान्याचा नव्हता, औषधांचाही नव्हता. २४ मे २०२४ रोजी सहा यात्रेकरूंना घेऊन येताना बिघडल्यामुळे तातडीने उतरवावे लागलेले ते एका कंपनीचे यंत्र होते. तीन महिने ते तेथेच पडून राहिले. सुटे करून नेता आले नसते काय? कंपनीचे ओझे जनतेच्या यंत्राने आणि जवानांचे प्राण पणाला लावून वाहिले गेले. त्याचे भाडे कोणी व किती भरले? (नफा मात्र खाजगीच राहतो, हे वेगळे सांगायला नको.)

हे खोरे अपघातांना नवखे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ हेलिकॉप्टर कोसळून सातजण गेले. १५ जून २०२५ च्या पहाटे गौरीकुंडाजवळ आणखी सात. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे एक कुटुंब होते, आई, वडील आणि दोन वर्षांचेही न झालेले मूल. ती प्रवासी उड्डाणे होती, बोज्याची नव्हती. पण आकाश तेच, वारा तोच, आणि लवकर उरका म्हणणारी घाईही तीच.

म्हणून साथींनी आपापल्या खासदारांना पत्रे लिहून संसदेत चार प्रश्न विचारावयास लावावेत: ३१ ऑगस्टच्या उड्डाणाची आखणी कोणी मंजूर केली, बोजा बांधल्यावर तो कोणी तपासला, खालची वाट मोकळी असल्याची खात्री कोणी केली, आणि चौकशीचा अहवाल त्या वाटेवरच्या खेचरवाल्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखविला काय?