तरवड उपटू नका

डोंगरउतारावर, मुरमाड-खडकाळ जागी पिवळ्याजर्द फुलांनी डवरणारा तरवड आपल्या लेखी निव्वळ रानटी झुडूप. पाणलोटाचं काम निघालं, जेसीबी आला की पहिला घाव त्याच्यावरच! मग तिथंच विकतची रोपं लावायची आणि शेळ्यांनी ती फस्त करायची. तरवडाला मात्र गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. म्हणूनच चराऊ माळावरही तो टिकतो, मुळांनी माती धरून ठेवतो. त्याची साल पूर्वापार कातडी कमावण्यास वापरतात, पाला हिरवळीच्या खताला चालतो. पाला हवा तर फांद्या छाटा, बुडखा राहू द्या. तो पुन्हा फुटतो. सरपंच मंडळींनी समतल चर आखतानाच दोन चरांमधला तरवड राखायला सांगावं. जेसीबीवाल्याला काय, तासाचे पैसे मिळतात.