संग्रहाचा छंद : हरवलेली मुखपृष्ठे

वाचकहो, आपल्या घरी माळ्यावर ‘चांदोबा’चे जुने बांधीव खंड असतील, तर एकदा खाली काढून पाहावेत. गोष्टी शाबूत असतील. मुखपृष्ठे मात्र असतीलच असे नाही. वर्षाचे बारा अंक एकत्र बांधताना पुष्कळ बाइंडर वरची रंगीत पाने काढून टाकीत, आणि त्यांतून वाचलेली चित्रे मुले कापून भिंतीला चिकटवीत! संग्राहक ज्याच्या शोधात असतो, नेमके तेच असे नाहीसे झाले.

बंगळूरच्या मराठी कुटुंबांना या बाबतीत एक मोठी सोय आहे, पण ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मद्रासहून जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९४९ मध्ये कन्नडमध्ये व १९५२ मध्ये मराठीत आले. २०१३ च्या सुमारास ते बंद पडले. मजकूर प्रत्येक भाषेत निराळा छापला जाई, चित्रे मात्र तीच असत. तेव्हा अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात कन्नड ‘चंदमामा’ हाती आला, तर लिपी वाचता येत नाही म्हणून तो परत ठेवू नये. आपल्या अंकाचे हरवलेले मुखपृष्ठ बहुधा त्याच महिन्याच्या कन्नड अंकावर भेटेल. शेजारच्या कन्नड घरीही विचारून पाहावे. रद्दीवाल्याच्या आधी आपण पोहोचलो म्हणजे झाले.

दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चे कौतुक सर्वत्र होते, आणि ते रास्तच आहे. परंतु ‘चांदोबा’च्या मुखपृष्ठांवर महाभारत उभे करणारे एम. टी. व्ही. आचार्य पुढे बंगळूरलाच स्थायिक झाले व टपालाने चित्रकला शिकवू लागले, हे किती मराठी घरांत ठाऊक असेल?

मिळालेला अंक जपताना घाई नको. गंजलेल्या तारा बोथट सुरीने हळूच सोडवून तेथे सुती दोरा घालावा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी मुळीच लावू नये. तिचा डिंक पुढे तपकिरी होऊन चित्रात उतरतो. प्लॅस्टिकचे आवरण कायमचे चिकटवून घेणे तर त्याहून वाईट, कारण ते पुन्हा निघत नाही. अंक आडवे ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यावा. मुखपृष्ठावर एखाद्या मुलाने शाईने आपले नाव व इयत्ता लिहिली असेल, तर ती खोडू नये.