शिवेपलीकडचे शिवार

आज 31 मे, अहिल्यादेवी होळकरांची जयंती. त्यांचा रंगमहाल ज्या गावात उभा आहे, त्या चांदवडसाठी हा घरचा दिवस. उद्या 1 जून. 1993 साली याच तारखेला 74वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांना घटनेत हक्काची जागा मिळाली. या दोन तारखा शेजारी आल्या आहेत, म्हणून आज शेजाराविषयी लिहायचे आहे.

अहिल्यादेवींनी काशीला, गयेला, सोमनाथाला जे बांधले ते होळकरांच्या मुलखाबाहेर. जिथे यात्रेकरू होता तिथे घाट, विहीर, धर्मशाळा झाली. जमीन कोणाच्या अमलाखाली हा प्रश्न आड आला नाही.

चांदवडची तहानही हद्दीपलीकडच्या पाण्यावर भागते. ओझरखेड धरण दिंडोरी तालुक्यात, त्यावर चांदवडची 44 गावांची योजना. पुणेगावही दिंडोरीतलेच, तिथून निघालेला कालवा चांदवड तालुक्यातल्या दरसवाडीला येतो आणि पुढे येवल्यातल्या डोंगरगावाकडे जातो. एका कालव्याच्या पाण्यावर तीन तालुक्यांची नजर. त्या पाण्यासाठी किती पिढ्यांनी वाट पाहिली, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पाण्याबाबत नाइलाजाने का होईना, आपण शेजाऱ्याशी बोलतो. जमिनीबाबत बोलतच नाही. नगरपरिषदेची विकास योजना तिच्या हद्दीवर थांबते. शिवेपलीकडे ग्रामपंचायत, तिचा कारभार वेगळा. मुंबई-आग्रा महामार्गालगतची शेती बिनशेती होते तेव्हा शीव पाहून होत नाही. वरच्या अंगाला ओढा बुजवून प्लॉट पडले, की पाणी खालच्या गावाच्या कांद्यात शिरते. परवानगी एकाची, नुकसान दुसऱ्याचे, आणि तक्रार कोणी ऐकायची हे ठरलेले नाही. आम्हाला हा अन्याय वाटतो.

घटनेने यावर उपाय सांगून ठेवला आहे. कलम 243 झेड डी नुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करायच्या. जमिनीचे नियोजन, पाण्याची वाटणी, पायाभूत सुविधा आणि पर्यावरण या सामाईक बाबी पाहून जिल्ह्याचा आराखडा करायचा. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायचे. म्हणजे शेजाऱ्यांनीच बसायचे. महाराष्ट्राने 1998 मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण समितीची बैठक म्हटली की निधी किती आला आणि किती खर्च झाला, याचीच चर्चा होते. नकाशा टेबलावर येत नाही.

तो यावा. त्याआधीही एक काम करता येईल, त्याला मुंबईच्या आदेशाची गरज नाही. पाऊस तोंडावर आला आहे. नगराध्यक्षांनी आणि लगतच्या गावांच्या सरपंचांनी गावनकाशा हातात घेऊन सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्यापासून एखाद्या ओढ्याच्या काठाने एकत्र चालत जावे, शीव ओलांडून, पाणी जिथवर जाते तिथवर.